न बोलता खुडलेला पुदिना

खट् करून परसदारच्या फाटकाची कडी वाजली आणि यामिनीने आधी झोपलेल्या लेकीकडे पाहिलं.

आवाज तसा काहीच नव्हता. चमचा ताटलीला लागावा एवढा. पण संस्कृतीला दुपारचं झोपवायला आज एक्केचाळीस मिनिटं लागली होती. त्यात तीन गोष्टी झाल्या, दोनदा पाणी झालं, एकदा शू झाली, आणि गोगलगाय झोपायला घरात जाते की घरातच असते, यावर सविस्तर चर्चाही झाली. पावणेचार वर्षांची ही मुलगी ट्रॅक्टरच्या धडधडीत झोपत असे, लग्नाच्या बँडमध्ये झोपत असे. मात्र कडी, वाटी, प्लॅस्टिकची पिशवी आणि आईने उलटलेलं पुस्तकाचं पान, हे चार आवाज तिला झोपेतही नेमके ऐकू येत.

ती झोपली की यामिनीला दीड तास मिळे. चोवीस तासांतला तेवढाच तुकडा तिच्या नावावर होता. बारा दिवसांनी, रविवारी, शिक्षक पात्रता परीक्षा होती. हॉलतिकिटावर केंद्र म्हणून अहिल्यानगर छापलं होतं, घरात सगळे नगर म्हणत होते, आणि दोन्ही नावांनी ते गावापासून, म्हणजे बेलापूरपासून, एसटीने दोन तासच होतं. मागच्या खेपेला यामिनी चार गुणांनी राहिली. तेव्हा संस्कृती अंगावर पीत होती आणि दोन पेपरांच्या मधल्या वेळात यामिनी उजळणी करायची सोडून शाळेच्या जिन्याखाली तिला पाजत बसली होती. ते चार गुण तिने लेकीला आनंदाने दिले. पण पुन्हा द्यायची तिची तयारी नव्हती.

ती मांजरीच्या पावलांनी परसात आली. फाटकात गल्लीतल्या गोजरबाई उभ्या होत्या, पोटावर हात ठेवून आणि तोंड उघडून. गोजरबाईंचं तोंड उघडलं की ते मिटेपर्यंत माणूस श्रीरामपूरला जाऊन बाजार करून परत येऊ शकतो, हे गावात सगळ्यांना ठाऊक होतं. यामिनीने झेप घेतली, एक बोट स्वतःच्या ओठांवर ठेवलं आणि दुसरा हात थेट गोजरबाईंच्या तोंडासमोर आडवा धरला. डोळे असे मोठे केले, की गोजरबाईंचा शब्द घशातल्या घशात परत गेला.

मग गोजरबाईंनी खुणेने पोट दाखवलं. गाल फुगवले. तीन बोटं वर केली. म्हणजे तीन दिवस गॅस धरला होता.

न्हाणीचं पाणी जिथे परसात सोडलेलं होतं, तिथे पुदिना माजला होता. बाजारातून आणलेल्या जुडीची मुळं यामिनीनेच पाच वर्षांपूर्वी तिथल्या चिखलात खोचली होती. ती खाली वाकली, मूठभर पुदिना खुडला, गोजरबाईंच्या पदरात टाकला. बोटं हलवून खालचा जाळ दाखवला, अंगठा तोंडाशी नेऊन पिणं दाखवलं, आणि मग तळहाताने हवा ढकलून दाखवली. शेवटच्या खुणेचा अर्थ "आता जा" असा होता. सगळं मिळून अर्धं मिनिट. एक शब्द झाला नाही.

संस्कृती हलली नाही. यामिनीने पुस्तक उघडलं. तिला वाटलं, सुटले.

संध्याकाळी पाचच्या सुमाराला गोजरबाईंना ढेकर आला. तो साधा ढेकर नव्हता. शेजारच्या रतनबाई पुढे शपथेवर सांगत, की दारातली कोंबडी उडाली. पुदिन्याचा काढा प्यायल्यावर पोटातला वायू मोकळा होतो, यात नवल काहीच नव्हतं. पण गोजरबाईंना पुदिन्याचं नवल नव्हतंच.

"आगं पुदिना मी काय आज बघती का?" त्या पिठाच्या गिरणीपाशी सांगत होत्या. "गावच्या येशीवर पुदिना हाय, भेळीत पुदिना हाय. आजवर कुनाला गुन आला का? मास्तरांच्या सुनेनं कसा दिला ते बघ. एक शबूद न्हाई! मी बोलाय गेले, तर माझ्या तोंडाम्होरं हात धरला. डोळं कसं केलं माहितीये? देवीवानी."

"म्हंजी मुकं औषद!" रतनबाई म्हणाल्या.

"मंग! माझ्या माहेरी काविळीची मुळी अशीच देत्यात. बोललं की गुन गेला."

औषध देणाऱ्याने बोलू नये, घेणाऱ्याने विचारू नये, ही रीत त्या भागात जुनीच. त्यात आणखी एक नियम होता: औषधाला हातगुण असतो, ज्या हाताने पहिला गुण आला तोच हात चालतो. एकूण, बी.एस्सी. बी.एड. झालेली आणि पोरगी उठू नये म्हणून धडपडणारी एक बाई दुपारी अर्ध्या मिनिटात गावची मुकी वैद्य झाली आणि तिला त्याचा पत्ताही नव्हता.

दुसऱ्या दिवशी दोन वाजता तिघी आल्या. कडी वाजली. तिघींनी तोंडावर पदर धरला होता. यामिनीला वाटलं, किती समजूतदार बायका आहेत! तिने तिघींना मूठमूठभर पुदिना दिला आणि हात जोडून पिटाळलं. मग पुन्हा कडी वाजू नये म्हणून तिने संस्कृतीच्या जुन्या झबल्याची एक चिंधी फाडून कडीला गुंडाळली.

ही चूक फार महागात पडली. तिसऱ्या दिवशी सात जणी आल्या आणि प्रत्येकीने येताना एक चिंधी आणली. झबल्याच्या चिंधीशेजारी आपली चिंधी बांधायची, मनातल्या मनात दुखणं सांगायचं, मग आत यायचं, असं ठरलंही होतं. कुणी ठरवलं ते कळलं नाही. आठवड्याभरात फाटकाचे गज दिसेनासे झाले. लुगड्याचे काठ, शर्टाच्या बाह्या, एक क्रिकेटचा मोजासुद्धा होता.

बोलायची बंदी असल्याने दुखणी खुणेने सांगावी लागत. गुडघा, डोकं, दाढ इथपर्यंत ठीक होतं. एका बाईने कमरेवर हात ठेवून नाक उडवत चालून दाखवलं, मग कपाळावर हात मारला. ते सुनेचं दुखणं असावं. यामिनीने मूठभर दिला. रतनबाईंनी डोक्यावर दोन बोटं उभी धरली, मग दोन्ही मुठी खालीवर ओढल्या, मग रिकामे हात झटकून दाखवले. यामिनीला वाटलं, डोकं ठणकतंय आणि मनगटं धरलीत. तिने दोन मुठी दिल्या.

रतनबाईंनी तो पुदिना म्हशीला घातला. म्हैस चार दिवस आटली होती, ती त्या संध्याकाळी बादली भरून दुभली. त्याच दिवशी रतनबाईंच्या मुलाने पेंड बदलली होती, पण पेंडीचं कौतुक करायला पेंडीच्या दुकानाखेरीज कोण येणार?

"अहो मावशी, हा साधा पुदिना आहे हो," यामिनी चौथ्या दिवशी सकाळी, म्हणजे बोलायला परवानगी असलेल्या वेळी, गोजरबाईंना गल्लीत गाठून म्हणाली. "पोट दुखलं तर ठीक. बाकी कशावर नाही चालत. आणि मी बोलत नाही ते संस्कृती झोपलेली असते म्हणून."

गोजरबाईंनी रतनबाईंकडे पाहिलं. दोघी समाधानाने हसल्या.

"सांगत न्हाईत," गोजरबाई म्हणाल्या. "औषद देनारं मानूस सांगत असतंय व्हय कदी?"

यामिनी घराकडे वळली.

घरातून मदत मिळेल अशी यामिनीची आशा होती. सासरे नृसिंहमास्तर हायस्कुलात एकतीस वर्षं विज्ञान शिकवून निवृत्त झालेले. ग्रहणात मुद्दाम अंगणात उभं राहून चिवडा खाणारा माणूस. पाचव्या दिवशी त्यांनी परसातली अकरा माणसं पाहिली आणि ते कडाडले. म्हणजे कडाडायला गेले, पण यामिनीने ओठांवर बोट ठेवल्यामुळे कुजबुजत कडाडले.

"ही अंधश्रद्धा आहे! कार्यकारणभाव नावाची काही गोष्ट असते की नाही?"

लोकांनी आदराने मान डोलावली आणि कुणी हललं नाही. तेवढ्यात रांगेतल्या एका म्हाताऱ्याने पुढे होऊन मास्तरांच्या पायावर डोकं ठेवलं. मागून दुसऱ्याने ठेवलं. एकतीस वर्षांत मास्तरांना विद्यार्थ्यांनी नमस्कार केला होता तो परीक्षेच्या आदल्या दिवशी, आणि तोही जाता जाता. मास्तर वळले. आत गेले. चहाचे दोन कप प्यायले आणि विचारात पडले.

संध्याकाळी ते पुस्तकांच्या कपाटापाशी होते. "तसं पाहिलं तर," ते घसा खाकरून म्हणाले, "पुदिन्याला संस्कृतात पूतिहा म्हणतात. दुर्गंध हरण करणारा. पाचक, वातहारक. आपल्या पूर्वजांनी केलेलं निरीक्षण आहे हे. शास्त्रच आहे."

"पण बाबा, म्हशीला?"

"म्हशीलाही पोट असतं, यामिनी. एक नाही, चार कप्पे असतात."

"आणि न बोलता देण्याचं काय?"

"बोलताना थुंकीचे कण उडतात," मास्तर म्हणाले. "जंतुसंसर्ग टळतो." एकतीस वर्षांचं विज्ञान असं कामाला आलं.

सासूबाई, प्रेमलाबाई, यांची भूमिका आणखी स्वच्छ होती. गेली पाच वर्षं त्यांनी हा पुदिना स्वयंपाकघरात येऊ दिला नव्हता. यामिनीला डोहाळे लागले होते तेव्हा पुदिन्याच्या हिरव्यागार चटणीवर तिचा जीव गेला होता, हिरवी मिरची, लसूण, वर लिंबू पिळलेली. तेव्हा सासूबाई म्हणाल्या होत्या, "न्हाणीच्या पाण्यावरची पालेभाजी आपल्याकडे ताटात येत नाही." आता तोच पुदिना ताम्हनात घेऊन त्या स्वतः पायरीवर आणून ठेवत होत्या.

"आई, आता चालतं न्हाणीचं पाणी?" यामिनीने विचारलंच.

"चटणीला नाही चालत," प्रेमलाबाई म्हणाल्या. "औषधाला विटाळ नसतो. आणि आपण थोडंच खातोय?"

नवरा गंधार नगरच्या औद्योगिक वसाहतीत नोकरीला. महिन्यातून एकदा शनिवारी रात्री यायचा, सोमवारी पहाटे जायचा, आणि मधले दिवस फोनवरून सल्ले द्यायचा.

"अगं, मग पाटी लाव ना, 'कृपया शांतता राखा' म्हणून."

"गंधार, ते शांतच असतात! तेच तर दुखणं आहे! इतकी शांत रांग तू जन्मात पाहिली नसशील. रेशनच्या दुकानात भांडणारी माणसं माझ्या परसात श्वासही हळू घेतात. पोरगी तर आता दोन-दोन तास झोपते."

"मग प्रॉब्लेम काय आहे?"

यामिनीने फोनकडे बघितलं. दोन ते साडेतीन ती पायरीवर उभी असायची, पदरापदरात मुठी टाकत. पुस्तक आत कॉटवर उताणं पडलेलं असायचं. बालमानसशास्त्राचे दोन पाठ शिल्लक होते, मागच्या वेळचे चार गुण त्याच पाठांतले होते, आणि बाराचे आता सहा दिवस उरले होते.

"बाबांना हातात मूठ देऊन उभं करून बघ," गंधार म्हणाला.

तेही करून झालं होतं. मास्तरांच्या हातचा पुदिना लोकांनी मोठ्या मर्यादेने घेतला, कपाळाला लावला आणि जाताना तुळशीपाशी ठेवून दिला. हातगुण सुनेचा होता, सासऱ्याचा नव्हता. मास्तरांना ते लागलं. पण शेवटी नमस्कार त्यांनाच होत होता, म्हणून त्यांनी मनाला लावून घेतलं नाही. शिवाय रविवारी यामिनी पेपरला जाणार तेव्हा दिवसभर संस्कृतीला तेच सांभाळणार होते. तसा शब्द त्यांनी दिला होता आणि तो शब्द यामिनी काचेच्या बरणीसारखा जपत होती. त्यामुळे फाटकाला कुलूप लावायचा विचार तिने दोनदा केला आणि दोनदा गिळला.

आठव्या दिवशी पुदिना संपला. म्हणजे मुळापर्यंत संपला. न्हाणीपाशी नुसता काळा चिखल उरला. यामिनीच्या मनात इतक्या दिवसांत प्रथमच सुखाची उकळी फुटली. नसेल तर देणार काय?

नवव्या दिवशी सकाळी ती दात घासत परसात आली, तर तिथे पुदिन्याचं हिरवंगार रान! क्षणभर तिचाच विश्वास बसला. मग तिने पाहिलं. धोतर गुडघ्यापर्यंत खोचून नृसिंहमास्तर चिखलात उकिडवे बसले होते आणि शेजारच्या गोणीतून एकेक काडी काढून ओळीने खोवत होते. काही काड्यांना अजून निळा दोरा होता.

"बाबा!"

"श्रीरामपूरहून मागवला," मास्तर वर न बघता म्हणाले. "लोकांच्या श्रद्धेला एकदम धक्का देणं मानसशास्त्राच्या दृष्टीने योग्य नाही. तुझ्या पुस्तकात असेलच."

"हे असलं माझ्या पुस्तकात नाही, बाबा."

"मग पुस्तक जुनं आहे."

निळा दोरा छगन भाजीवाल्याचा होता. जुडी तो निळ्या दोऱ्यानेच बांधायचा. त्याच दुपारी छगन स्वतः रांगेत आला, जेवल्यावर छातीत जळजळतं म्हणून. यामिनीने खुडला, म्हणजे उपटला, आणि दिला. छगनने आपल्या ओंजळीत आपलाच पुदिना पाहिला, त्यावरचा आपलाच दोरा पाहिला. यामिनीने श्वास रोखला. आता हा बोलणार. आता फुटणार सगळं. ती मनातल्या मनात म्हणत होती, बोल बाबा, बोल.

छगनचे डोळे भरून आले. त्याने दोरा सोडवून डोळ्यांना लावला. बाहेर गेल्यावर तो रस्त्यात लोकांना सांगत होता, "धा वर्सं पुदिना इकतो मी. माझ्या हातात असतो तवर भाजी. त्यांच्या हातात गेला की औषद. परमेश्वर कुठं येऊन बसंल सांगता येतंय का?"

शुक्रवार उजाडला. अकराव्या दिवशी, पेपरच्या दोन दिवस आधी, परसात चौतीस माणसं जमली होती. मधोमध मास्तरांच्या खुर्चीत काकासाहेब. काकासाहेब म्हणजे परिसरातलं मोठं प्रस्थ. कुठल्याशा सोसायटीचे चेअरमन, कुठल्याशा संस्थेचे अध्यक्ष, आणि कुठल्याही लग्नात पहिल्या रांगेत. त्यांना दोन दिवसांपासून उचकी लागली होती. उचकी लागली की कोणीतरी आठवण काढतंय असं म्हणतात. दोन दिवस अखंड लागली होती, तेव्हा सभासदांनीच काढली असावी आणि चांगल्या शब्दांत नसावी.

"हिच्च्!"

नळाचा थेंब ऐकू येईल अशा शांततेत ती उचकी फटाक्यासारखी वाजत होती. गोजरबाईंनी डोळे वटारले. उचकीला बोलणं धरायचं की नाही, यावर रांगेत खुणांनी वाद सुरू झाला. यामिनीने आत पाहिलं. संस्कृती हात डोक्यावर टाकून झोपली होती. उशाशी पुस्तक होतं. पान एकशे बारा, गेले दहा दिवस पान एकशे बारा.

"हिच्च्!"

यामिनीने मूठ पुढे केली आणि तिचं लक्ष आपल्याच हाताकडे गेलं. कोपरापर्यंत हिरवा, नखांत चिखल, आणि पुदिन्याचा असा वास, की आपल्याला एके काळी ही चटणी आवडायची याचंच तिला नवल वाटलं. तिच्या डोक्यात काहीतरी तुटलं.

"पुदिना आहे हा!" ती ओरडली.

चौतीस माणसं दचकली. पायरीवरचं ताम्हन खणखणलं.

"साधा पुदिना! न्हाणीच्या पाण्यावरचा! गॅस झाला तर उकळून प्या, नाहीतर चटणी करून भाकरीबरोबर खा, आणि गप्प बसून नाही, बोलत बोलत खा! गुडघ्याला काही होत नाही याने. म्हशीला होत नाही. सुनेला तर मुळीच होत नाही! मला परवा पेपर आहे, मी गप्प असते ते माझी पोरगी झोपलेली असते म्हणून, आणि हा सगळा पुदिना तर—"

मास्तर जोरात खोकले. रविवार यामिनीच्या डोळ्यांपुढे उभा राहिला. गोणीची गोष्ट तिने गिळली.

परसात कुणी हललं नाही. सगळे काकासाहेबांकडे बघत होते. काकासाहेब छातीवर हात ठेवून वाट बघत होते. पाच सेकंद झाले. दहा झाले. अर्धं मिनिट झालं.

"गेली!" काकासाहेब म्हणाले. "आयला, उचकी गेली! दोन डाक्टर झाले, सलाईन झालं. ताई, लई उपकार झाले!"

"अहो, दचकल्यामुळे गेली! उचकी दचकल्यावर जाते!"

"तुमी काय बी म्हना," काकासाहेबांनी वाकून नमस्कार केला आणि गाडीकडे निघाले.

रांगेत चुळबुळ झाली. मौन मोडलं होतं, तरी गुण आला होता. एका बाईने हळूच विचारलं, "मंग आमालाबी वरडत्यात का?" सगळ्यांनी गोजरबाईंकडे पाहिलं. ढेकराचा पहिला मान त्यांचा होता, तेव्हा निवाडाही त्यांचाच.

गोजरबाईंनी थोडा विचार केला. "काकासायेब पुढारी हायेत," त्या म्हणाल्या. "पुढाऱ्याला वरडल्याबिगर गुन येत न्हाई. आपल्या गरिबांना मुकंच लागू पडतं. आता सूनबाई बोलल्यात, तवा औषद उतारलं. त्या परत गप होईस्तवर थांबायचं. बसा."

बसले. चौतीसातले तेहेतीस जण खाली बसले आणि यामिनीच्या तोंडाकडे बघू लागले.

आणि तेव्हा, अकरा दिवसांत पहिल्यांदा, यामिनीला मार्ग दिसला. आपण बोलत आहोत तोवर औषध नाही. म्हणजे बोलत राहायचं. ती आत गेली, कॉटवरचं पुस्तक उचललं, बाहेर येऊन पायरीवर बसली आणि पान एकशे बारा उघडलं.

"बालकाच्या विकासाच्या अवस्था," तिने खणखणीत आवाजात सुरुवात केली. "पहिली अवस्था, जन्मापासून दोन वर्षांपर्यंत. मूल हाताने, तोंडाने, स्पर्शाने जग ओळखतं. दुसरी अवस्था, दोन ते सात वर्षं. या अवस्थेत मूल स्वकेंद्री असतं. सगळं जग आपल्यासाठीच आहे असं त्याला वाटतं."

"आमच्या घरी साठ वर्सांचं हाय त्ये!" रतनबाई न राहवून बोलल्या. "दोन वाजता च्या लागतोय त्याला. त्ये कुठल्या अवस्थेत बसतंय?"

"तिसरी अवस्था," यामिनी आणखी मोठ्याने म्हणाली.

तिने पाठ वाचला, उलट वाचला, स्वतःलाच प्रश्न विचारले, स्वतःच उत्तरं दिली, चुकली तिथे पुन्हा दिली. ओरडून ओरडून पाठ होत होतं. दहा दिवसांत जे डोक्यात शिरलं नाही ते तेहेतीस माणसांपुढे सरळ आत जाऊन बसत होतं. उतारूंनी भरलेली एसटी थांब्याथांब्याला रिकामी व्हावी तशी रांग विरळ होऊ लागली. गुडघेवाले पहिले उठले. "ह्यापरीस गुडघा बरा," त्यांतला एकजण फाटकाबाहेर पडल्यावर म्हणाला. दाढवाला गेला. छगन जांभया देत गेला. दुसऱ्या पाठाच्या शेवटी तर खुद्द मास्तर, विद्यार्थ्यांना एकतीस वर्षं हेच केल्याचं आठवून की काय, मान खाली घालून घरात गेले.

सव्वातीनला परसात गोजरबाई एकट्या उरल्या. पदर पुढे पसरून, डोळे यामिनीच्या ओठांवर लावून.

"मावशी, मी थांबणार नाही हं," यामिनी पान उलटत म्हणाली. तिचा आवाज बसला होता आणि चेहरा फुलला होता. एकच मुद्दा राहिला होता. "मुलाच्या प्रश्नांना मोठ्यांनी टाळू नये. प्रत्येक प्रश्नाला प्रेमाने, सोप्या भाषेत आणि खरं उत्तर द्यावं. त्यामुळे मुलाची—"

मागून तिच्या खांद्यावर एक ऊबदार, घामेजलेला हात पडला. संस्कृती. केस पिंजारलेले, गालावर चादरीच्या सुरकुत्या. दाराआड कधीपासून उभी होती कोण जाणे. तिने रिकामं परस पाहिलं, गोजरबाईंचा पसरलेला पदर पाहिला, आईच्या मांडीवरचं पुस्तक पाहिलं, आणि मग आईचा फुललेला चेहरा दोन्ही हातांनी आपल्याकडे वळवला.

"आई," तिने विचारलं, "मी झोपले की तुला बरं वाटतं?"